दीड इंचाचा समास

टेपमावशीला विद्यापीठात नोकरी लागली हे ऐकून तिच्या नवऱ्याने आधी विचारलं, "कुठे?" मग विचारलं, "खरंच?" आणि शेवटी विचारलं, "तुला?" पहिल्या दोन प्रश्नांना तिने उत्तर दिलं. तिसऱ्याला नुसतं बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्या बघण्याचा अर्थ त्या भल्या माणसाला पुरता कळून चुकला होता. त्याने पेपर उघडला आणि तोंड आत घातलं.

तसं त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. बाईचं शिक्षण दहावी, तेही गणिताच्या जोरावर कसंबसं. पुढे एकतीस वर्षं तिने शिवणकामाचं दुकान चालवलं. बाजारातल्या गल्लीत, चपलांच्या दुकानाच्या वर, जिना चढून डावीकडे. बोटांचे सांधे धरायला लागले, सुईत दोरा ओवून द्या म्हणून गिऱ्हाइकालाच विनवायची वेळ आली, तेव्हा तिने आपणहून दुकान बंद केलं. मशीनं विकून टाकली. दोन गोष्टींना मात्र कुणाला हात लावू दिला नाही. एक तिची मोठी कात्री आणि दुसरं कापणीचं टेबल, सहा फूट बाय चार फूट. ते घरात आल्यावर घरात माणसांना जागा उरली नाही. त्याला वळसे घालून घालून नवऱ्याच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. "अगं, एक तर हे टेबल बाहेर काढ, नाहीतर मला काढ," असं तो म्हणाला, आणि बाईने खरोखर विचार करायला दोन दिवस घेतले.

तेवढ्यात ती जाहिरात आली. संशोधक विद्यार्थी कक्षासाठी अर्धवेळ सहायक हवा, दुपारी बारा ते पाच. पीएच.डी. करणाऱ्या मुलांना बसायला एक मोठी खोली होती. तिथल्या जागांच्या किल्ल्या सांभाळायच्या, प्रिंटरला कागद घालायचा, अर्ज पुढे पाठवायचे, चहाचं यंत्र चालू ठेवायचं आणि मुलांना "हवी ती मदत" करायची. ही "हवी ती" म्हणजे नेमकी कोणती, हे जाहिरात लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

मुलाखतीत कक्षाचे प्रमुख सर म्हणाले, "बाई, तुम्हाला विद्यार्थ्यांचा अनुभव काय?"

"गिऱ्हाइकांचा आहे," मावशी म्हणाली. "विद्यार्थी त्याहून वाईट असतात का?"

सर हसले. हसलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. जाता जाता मावशीने विचारून घेतलं, "तुमच्या त्या खोलीत एक टेबल मावेल का हो?" अशा रीतीने बाई आणि टेबल दोघं एकाच दिवशी रुजू झाले, आणि नवऱ्याने घरी मोकळ्या जागेत उभं राहून दोन्ही हात पसरून बघितले.

गळ्यात टेप ती तिथेही घालायची. मोजायचं काही नव्हतं, पण टेप नसली की मान उघडी वाटते असं म्हणायची. आठवड्याभरात अख्खा कक्ष तिला टेपमावशी म्हणायला लागला.

आता त्या खोलीचं काय सांगावं! बावीस जागा, बावीस दिवे, बावीस उतरलेले चेहरे. लग्नघर आणि सुतकघर दोन्ही बघितलेली बाई, पण इतकी शांतता तिने कुठेच बघितली नव्हती. जो तो आपल्या पडद्याकडे टक लावून बसलेला. "काय करतोस रे बाबा?" असं विचारलं की "लिहितोय" असं उत्तर यायचं. "दाखव की." "अजून तयार नाही." कुणाचं तीन वर्षं तयार नाही, कुणाचं पाच. मावशीने कपाळाला हात लावला. तिच्या दुकानात कुणी कारागीर तीन वर्षं एक शर्ट शिवत बसला असता, तर तिने त्याला त्याच शर्टाने झोडपला असता.

मग तिने तिला येत होतं ते सुरू केलं. दुकानात प्रत्येक कपड्याची एक चिठ्ठी असायची. कोणाचा, काय, कुठल्या तारखेला द्यायचा, एवढं लिहायचं आणि ती चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत खोचायची. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडला की चिठ्ठी गिऱ्हाइकानेच फाडायची. मावशीने कक्षातही भिंतीला तार लावली आणि एकेकाला टेबलाशी बोलावून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाकं मुरडली. "आम्ही काय पायजमे शिवतो का?" असं एकजण म्हणाला. "पायजमा शिवणं सोपं वाटतं होय रे तुला?" मावशी म्हणाली. "बस खाली. नाडी कुठून घालतात तेवढं सांग." तो तारीख लिहून गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे गुरुवारची ट्रायल. कपडा पक्का शिवायच्या आधी त्याला कच्चे टाके घालतात आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतात. कुठे ओढतंय, कुठे झोळ येतोय, ते तेव्हाच दिसतं. कच्चा टाका एका ओढीत निघतो, पक्की शिवण उसवताना मात्र कापड फाटतं. म्हणून दर गुरुवारी चार वाजता कुणीतरी एकाने आपलं अर्धंमुर्धं काम त्या टेबलावर मांडायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. जे तयार नाही तेच दाखवायचं, तयार असेल त्याने फिरकायचंसुद्धा नाही, असा मावशीचा नियम. पहिल्या गुरुवारी तिघं आले, तेही बिस्किटांसाठी. दुसऱ्या महिन्यात खुर्च्या कमी पडायला लागल्या.

तिथे एकटी मुंगीताई तेवढी आली नाही.

मुंगीताई म्हणजे कोपऱ्यातल्या खिडकीजवळची मुलगी. मुलगी कसली, तेहतिशी गाठलेली. मुंग्यांवर संशोधन करायची म्हणून हे नाव. आठ वर्षं झाली होती तिला. तिच्या चिठ्ठीवर तारीख तिने लिहिली नव्हती, ती विद्यापीठानेच लिहून ठेवली होती. येत्या तीस तारखेला नव्हे, त्यापुढच्या चौथ्या तीस तारखेला, दुपारी चार वाजता तिची नोंदणी संपणार होती. त्याआधी प्रबंध दाखल झाला तर ठीक. नाही झाला तर आठ वर्षं पाण्यात. पुन्हा अर्ज नाही, मुदतवाढ नाही, ती तर दोनदा घेऊन झालेली. घरी आई वाट बघत होती. धाकट्या बहिणीला दोन मुलं झाली होती आणि ती मुलं विचारायची, मावशी अजून शाळेत का जाते?

"किती लिहून झालंय?" टेपमावशीने विचारलं.

"चारशे बारा पानं."

"मग अडलंय कुठे?"

मुंगीताई पुन्हा पडद्याकडे वळली. मावशीला मात्र एक गोष्ट चार दिवसांत दिसली होती. ही पोरगी समोरच्या जिन्याने कधीच वर यायची नाही. मागचा, अंधारा, झाडू-बादल्या ठेवलेला जिना चढून यायची. समोरच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर तिच्या गाईडचं, म्हणजे मॅडमचं दार होतं. गिऱ्हाइकाचं काम रखडलं की कारागीर त्याच्या गल्लीतून जात नाही, हे मावशीला कुणी शिकवायला नको होतं.

"मॅडमना शेवटचं कधी भेटलीस?"

"दोन वर्षं झाली असतील." मग म्हणाली, "मावशी, माझे आधीचे सर निवृत्त झाले. त्यांना मुंग्यांचे पाय हवे होते. कुठल्या जातीचा पाय किती लांब, कुठला सांधा किती. मी पाच वर्षं पायच मोजले. मग मॅडम आल्या. त्यांना काय हवंय तेच मला कळत नाही. एकदा त्या म्हणाल्या, हे सगळं ठीक आहे, पण यातून आपल्याला कळलं काय? मी घरी जाऊन रडले. मग आणखी पाय मोजले."

मावशीने चष्मा काढला. "म्हणजे मापं एकाची घेतलीस आणि कपडा चढवणार दुसऱ्याच्या अंगावर? अगं, नव्या बाईची मापं कोण घेणार? मी?"

"त्या चिडतील."

"चिडू देत. चिडलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेता येतं, न भेटलेल्याचं येत नाही." असं म्हणून तिने चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन्सिल तिच्या हातात कोंबली. "समोरच्या जिन्याने जायचं. तीनच गोष्टी विचारायच्या. कुठे घट्ट होतंय, कुठे सैल होतंय आणि लांबी किती हवी. स्वतःची बाजू मांडायची नाही, रडायचं नाही, लिहून घ्यायचं. मापं घेताना शिंपी कधी भाषण करतो का?"

मुंगीताई गेली ती वीस मिनिटांत परत आली. चेहरा असा, की हिला कुणी मारलं की मिठी मारली ते समजेना. मॅडम चिडल्या नव्हत्या. मॅडम म्हणाल्या होत्या, "तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलंस." चिठ्ठीवर लिहिलं होतं: पाय कमी, वाटा जास्त. मुंगी घरी परत कशी येते, हा प्रश्न पहिल्या प्रकरणात हवा, शेवटच्या नको. लांबी अडीचशे पानं, त्याच्या वर एक पान नको.

"वाटांबद्दल लिहिलंयस का काही?"

"सहाव्या प्रकरणात आहे. सरांना आवडायचं नाही म्हणून मागे टाकलं होतं."

दुसऱ्या दिवशी चारशे बारा पानं त्या टेबलावर पसरली गेली. टेबलावर मावेनात तेव्हा खुर्च्यांवर, खुर्च्यांवर मावेनात तेव्हा जमिनीवर. मावशीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि तिने कळल्याचा आवही आणला नाही. ती फक्त रंगीत खडू घेऊन एकेका पानाशी थांबायची आणि विचारायची, "हे पाय की वाट?" पायाला निळी रेघ, वाटेला लाल. संध्याकाळपर्यंत खोली निळीशार झाली आणि मध्येच कुठेतरी लाल ठिपके. मुंगीताईने ते बघितलं आणि एक निळं पान उचलून छातीशी धरलं.

"कापवत नाही मावशी. एकेका पायाला मी..."

"मला माहितीये." मावशीने कात्री तिच्या हातात दिली, आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि एकशे सत्तर निळ्या पानांच्या गठ्ठ्यातली वरची आठ-दहा पानं मधून कापली. एक घाव दोन तुकडे. बघणाऱ्या पोरांच्या तोंडून "आई गं" निघालं. मजकूर संगणकात सुरक्षित होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, तरीसुद्धा निघालं. "कापलेलं कापड टाकत नाहीत," मावशी म्हणाली. "त्याचे खिसे होतात. तुमच्यात खिशाला काय म्हणतात?"

"परिशिष्ट," कुणीतरी म्हणालं.

"हं. मग पाय परिशिष्टात घाल."

तिथून काम धावायला लागलं. आणि मुंग्यांचं सांगायचं तर पोरगी बोलायला लागली की ऐकत राहावं असं! मुंगी अन्न शोधत वाकडीतिकडी भटकते आणि परत येताना नाकासमोर सरळ घरी येते, हे तिने आपल्या तिसऱ्या ट्रायलला टेबलावर खडूने काढून दाखवलं. तो पायजमेवाला मुलगाही डोळे विस्फारून बघत राहिला. मॅडम एका गुरुवारी स्वतः येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. जाताना मावशीला म्हणाल्या, "हे ट्रायल प्रकरण छान आहे. कुणाची कल्पना?" मावशी म्हणाली, "शर्टाची."

पण सरळ गेलं तर ते काम कसलं? महिना उरलेला असताना मुंगीताई चार दिवस गायब झाली. फोन उचलेना. पाचव्या दिवशी मावशी वसतिगृहाच्या तीन मजल्यांचे जिने गुडघ्यांना शिव्या घालत चढली. दार उघडं होतं. आत मुंगीताई भिंग डोळ्याला लावून, चिमट्यात एक मेलेली मुंगी धरून बसली होती. केस विंचरलेले नाहीत, ताटलीत काल की परवाचा पाव.

"काय चाललंय हे?"

"परत मोजतेय. मोजणी चुकली असली तर? सगळं चुकलेलं असलं तर?"

ये रे माझ्या मागल्या! मावशीला आधी राग आला, मग तो आला तसा गेला. ती पलंगावर बसली आणि तिने एक गोष्ट सांगितली, जी तिने एकतीस वर्षांत गिऱ्हाइकांना कधी सांगितली नव्हती. तिची तारीख एकदाच चुकली होती. भाच्याची पहिल्या नोकरीची मुलाखत, त्याचा कोट. घरचाच मुलगा म्हणून मापं घरी बसून घेतली, घरातल्या जुन्या टेपने. ती टेप वापरून वापरून ताणली गेलेली. कापलं मात्र दुकानात, नव्या टेपने. एकाच टेपने दोन्ही केलं असतं तरी निभावलं असतं. घरचाच म्हणून ट्रायलही घेतली नाही. आदल्या दिवशी कोट घातला तर बटण लागेना. पुरता एक इंच घट्ट. पोरगा बापाच्या ढगळ कोटात मुलाखतीला गेला.

"मग?" मुंगीताईने भिंग खाली ठेवलं.

"मग काय, नोकरी लागली त्याला. अजून चारचौघांत सांगतो, आत्याने कोट दिला नाही म्हणून भाग्य उघडलं. सगळे हसतात. मीही हसते. पण पोरी, त्या रात्रीचं त्याचं तोंड मी विसरले नाही. तेव्हापासून माप कुणाचंही असो, कुठल्याही पट्टीचं असो, दुसऱ्या टेपला लावून बघितल्याशिवाय मी खरं धरत नाही. पण एकदाच बघते हं. शंभरदा बघत बसले असते, तर एकही कपडा बाहेर पडला नसता. आण ती मुंगी इकडे. दहा पाय मोज, जुन्या आकड्यांशी ताडून बघ. जुळले तर उठ आणि अंघोळ कर."

दहाच्या दहा जुळले. मुंगीताईने अंघोळ केली.

तीस तारीख उजाडली. प्रबंध परिशिष्ट वगळून दोनशे अठ्ठेचाळीस पानांचा. चार प्रती बांधून यायच्या होत्या, आणि तपासणीसाठी एक सुटी प्रत तयार. नियम असा की सुटी प्रत आधी हेडक्लार्क तपासणार, ती पास झाली तरच बाकीच्या घेणार. आणि हेडक्लार्क म्हणजे बाबा रे, भलताच कडक माणूस! डाव्या बाजूचा समास दीड इंच, त्याच्यात केसाएवढंही कमी चालायचं नाही. गेल्या महिनाभरात त्याने चौदा प्रबंध परत पाठवले होते. मुलं त्याच्या खिडकीकडे जाताना एकमेकांचा निरोप घेऊन जायची. मावशीला मात्र हा नियम मनापासून पटला होता. समास म्हणजे तरी काय, शिवणीत जादा सोडलेलं कापड, माया. ती ठेवली नाही तर पान बांधणीत गिळलं जातं. म्हणून बाकीचं छापायच्या आधी तिने स्वतः पहिलं पान टेबलावर ठेवून टेपने मोजलं होतं. दीड म्हणजे दीड.

बांधणीवाल्याने उशीर केला, लिफ्ट बंद पडली, पावतीवरची सही चुकून भलत्याच चौकटीत झाली. हे सगळं होता होता खिडकीशी पोचायला तीन वाजून अडतीस मिनिटं झाली. मुंगीताईच्या मागे मावशी, मावशीच्या मागे कक्षातली नऊ-दहा मुलं.

हेडक्लार्कने सुटी प्रत पुढे ओढली. कपाटातून स्वच्छ, नवी, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढली. पहिल्या पानावर ठेवली. चष्मा वर केला, खाली केला. "कमी आहे," तो म्हणाला. "एक सूत, इंचाचा आठवा भाग कमी आहे. परत छापून आणा."

"आज तीस तारीख आहे, सर," मुंगीताई म्हणाली.

"मला तारीख दिसते. मला पट्टीही दिसते. नियम मी केलेला नाही."

मुंगीताई भिंतीला टेकली. मागच्या मुलांचे चेहरे खर्रकन उतरले. आठ वर्षं, एवढे मुंग्यांचे पाय, घरी बसलेली आई, आणि एक सूत! परत छापायला, परत बांधायला एक दिवस तरी हवा, आणि उरली होती वीस मिनिटं. कुणीतरी भांडायला तोंड उघडलं. मावशीने हात वर करून त्याला गप्प केलं. भांडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे ती दुकानात शिकली होती. शंका मात्र तिलाही आलीच. आपण चुकलो की काय? टेप ताणली गेली की काय? पुन्हा तोच कोट?

पण टेप तर तिने गेल्याच आठवड्यात ताडून बघितली होती.

"साहेब," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमची पट्टी जरा बघू का?"

"पट्टी ऑफिसची आहे, बाई. नवी कोरी आहे."

"म्हणूनच बघते."

तिने गळ्यातली टेप काढली आणि खिडकीच्या फळीवर पट्टीशेजारी अंथरली. नुसती बघितली आणि तिला उमगलं. पट्टीचं शून्य पट्टीच्या टोकावर नव्हतंच. टोकापासून एक सूत आत होतं. तिथे एवढासा कोरा काठ सोडलेला होता, बारीक, पारदर्शक, नीट बघितल्याशिवाय दिसूही नये असा. हेडक्लार्क पानाच्या कडेला ते टोक लावत होता आणि आकडा वाचत होता. जे माप दीड होतं, ते त्याला एक सूत कमी दिसत होतं.

"आधी लाकडी पट्टी होती का हो तुमच्याकडे?"

"होती. सत्तावीस वर्षं होती. गेल्या महिन्यात मोडली." हेडक्लार्क बोलता बोलता थांबला. लाकडी पट्टीचा आकडा अगदी टोकापासून सुरू व्हायचा. त्याने प्लास्टिकची पट्टी डोळ्यांजवळ नेली. त्या कोऱ्या काठावरून नख फिरवलं. मग पट्टी पुन्हा पानावर ठेवली, या वेळी शून्य कडेला लावून. दीड. दुसरं पान. दीड. मधलं एक पान उपसून काढलं. दीड इंच, ना कमी ना जास्त.

हेडक्लार्कचे कान लाल झाले होते.

"होतं असं," मावशी हळूच म्हणाली. "हात जुन्या पट्टीचा, पट्टी नवी. माझंही एकदा झालंय. एक अख्खा कोट वाया गेला."

त्याने शिक्का उचलला. शाईत दाबला. आणि काय सांगावं, त्या शिक्क्याचा आवाज! धाड्! दुसरी प्रत, धाड्! तिसरी, चौथी! भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. त्याने पावती फाडून पुढे केली आणि मुंगीताईला म्हणाला, "अभिनंदन, डॉक्टरीणबाई होणार तुम्ही." सत्तावीस वर्षांत त्या खिडकीतून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मागून जो गलका उठला, तो ऐकून पहिल्या मजल्यावरून मॅडम धावत खाली आल्या. त्यांना वाटलं आग लागली. मुंगीताई त्यांच्या गळ्यातच पडली. दोन वर्षं ज्या दाराला ती भ्यायली होती, त्याच दारातून आलेली बाई तिला घट्ट धरून रडत होती.

पाच वाजायला आले तेव्हा कक्षाचं दार वाजलं. दारात हेडक्लार्क, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात कागद. त्याला त्या खोलीत आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि कागदावरची चौदा नावं वाचली. परत पाठवलेले प्रबंध पुन्हा मोजायला आणा, आजच्याच तारखेने नोंद करून तसेच घेतो, असं म्हणाला. चौदातली तिघं तिथेच बसली होती. त्यातला तो पायजमेवाला तर खुर्चीवरच चढला.

"आणि बाई," हेडक्लार्कने पट्टी पुढे केली, "हिचं काय करू?"

मावशीने आपली मोठी कात्री काढली. तो कोरा काठ अचूक शून्याशी धरला आणि कचकन छाटला. "आता बसा बिनघोर मोजत," असं म्हणून तिने पट्टी परत दिली. हेडक्लार्क खळखळून हसला, आणि त्याला हसता येतं हेही त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

सगळे पांगत होते तेवढ्यात मावशीने हाक मारली. "थांबा. एक काम राहिलंय." तिने तारेवरच्या चिठ्ठ्या चाळल्या आणि एक काढली. खिडकीजवळची जागा, मुंग्या, तीस तारीख, चार वाजता. ती मुंगीताईच्या हातात दिली. "कपडा मिळाला की चिठ्ठी गिऱ्हाइकाने फाडायची."

मुंगीताईने चिठ्ठी दोन्ही हातांत धरली, पण फाडली नाही. ती मावशीजवळ आली, मावशीची टेप तिच्या गळ्यात नीट बसवली आणि म्हणाली, "तुम्हीही धरा. तारीख तुमचीही होती."

दुकान बंद करताना न रडलेली बाई तेव्हा रडली, सगळ्यांसमोर, नाक ओढत, अजिबात न लाजता. दोघींनी मिळून चिठ्ठी फाडली. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "आज एवढा उशीर?" मावशी मोकळ्या खोलीच्या मधोमध बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "अहो, भाच्याला फोन लावा. म्हणावं, आत्याने आज कोट वेळेवर दिला."